कुंपणाबाहेर, रेषेमागे

१४ जानेवारी

आज माझ्या भिंतीवर लाल फुली आली, म्हणजे पाडायची खूण. भिंत अजून कमरेइतकीच आहे, तीही एकाच बाजूची. पण माझी आहे, आणि तिला रंग द्यायचाच असला तर तो मी निवडीन.

नगरपालिकेचा नवा माणूस मोटारसायकलवरून आला. मुतुआ नाव. माचाकोसकडचा आहे, आमची लुओ भाषा येत नाही, स्वाहिलीत बोलतो. फार अदबीने बोलतो. अदबीने बोलणाऱ्याशी भांडण लावायला कष्ट पडतात.

"ताई, हे बांधकाम रस्त्याच्या जागेत येतंय."

"रस्ता तो तिकडे. काळी पट्टी दिसते ना, तो. ही माती आहे."

"माती पण रस्त्याचीच."

"मग रस्त्याला म्हणावं, ये आणि घेऊन जा."

त्याने मान खाली घातली आणि सोबतच्या गड्याला खूण केली. गड्याने डबा उघडून फुली मारली. रंगाचे चार थेंब माझ्या पायावरही पडले.

इथे बांधायची मला हौस नव्हती. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला चार वर्षं झाली. त्याने तिसऱ्यांदा हात उगारला आणि मी शिलाई मशीन डोक्यावर घेऊन बस पकडली. आमच्यात लग्न होऊन गेलेली मुलगी परत आली तर माहेरच्या कुंपणाच्या आत तिचं घर उठत नाही. उठलं तर भावांवर अरिष्ट येतं, त्यांची पोरं जगत नाहीत म्हणतात. म्हणून मी आईच्या स्वयंपाकाच्या झोपडीत झोपते, सरपणाच्या शेजारी. मेले तर पुरतीलसुद्धा कुंपणाबाहेर. तेव्हा म्हटलं, बाहेरच जायचंय तर जिवंतपणी जाऊ, आपल्या पायांनी. आमचं शेराच्या चिकाळ झुडपांचं कुंपण आणि रस्ता यांच्या मध्ये एक पट्टा आहे. त्यावर दोन खोल्या: पुढे मशीन, मागे खाट. यापलीकडे मला काही नको.

माप घ्यायला मला कुणी शिकवायला नको, शाळांचे गणवेश शिवून पोट भरते मी. कुंपणाला टेप लावला, दोन हात सोडले आणि पाया धरला. आमच्याकडे सगळं कुंपणापासूनच मोजतात.

१५ जानेवारी

गवंडी आला नाही. त्याचा निरोप आला की फुलीवर वीट चढवली तर त्यालाही दंड. मग मीच दोन थर चढवले. वाकडे आलेत. असू दे.

२१ जानेवारी

गणवेशाची गिऱ्हाइकं दारात सोडून नगरपालिकेत गेले. मनात होतं की टेबलावर हात आपटायचा. पण मुतुआने खुर्ची दिली, चहा मागवला, आणि हात आपटायचा राहून गेला.

त्याने कागदावर रस्ता काढला. "मध्यापासून इथपर्यंत रस्त्याची जमीन. त्यापुढे सहा मीटर मोकळी ठेवायची. याला सामासिक अंतर म्हणतात."

"कशाला मोकळी?"

"उद्या नळ येईल, गटार येईल. आग लागली तर बंब वळायला जागा हवी."

"आम्ही जन्मापासून नळाची वाट बघतोय. तो येईपर्यंत मी तिथे राहते. आला की उठेन."

तो हसला, आणि माझं तोंड बघून थांबला. "खरं तर तुमचा पट्टा खास आहे, ताई. नव्या रस्त्यालगत पुढे दुकान, मागे घर अशी परवानगी मिळते. गावात दुसरीकडे कुठे नाही. फक्त या रेषेच्या मागे बांधा."

ती रेषा कुठून जाते ते बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. रेषा आमच्या कुंपणातून आरपार आत गेलेली. आईच्या घेवड्याच्या वाफ्यात, पपईच्या झाडाशी.

"ही कुंपणाच्या आतली जागा आहे."

"मग उत्तमच. जागा घरचीच."

"आत मला बांधता येत नाही. मी त्या घरची मुलगी आहे."

"मुलगी आहात म्हणून तर हक्क आहे. कायद्यातच आहे तसं."

"कायदा तुमच्या कपाटात राहतो. मी आईच्या चुलीपाशी राहते."

यावर त्याने पेनाला टोपण लावलं. बाहेर तो बांधू देत नाही आणि आत भाऊ. दोन नियमांच्या मध्ये माझ्यासाठी सुईच्या नेढ्याएवढीही जागा उरलेली नाही.

घरी येऊन सगळं आईपुढे ओकले. ती मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "रेषा कुठून जाते म्हणालीस?" मी सांगितलं, तुझ्या पपईपासून. "हं," म्हणाली आणि पुन्हा खवले काढायला लागली. या वयात तिला कितपत समजतं कोण जाणे.

२ फेब्रुवारी

ओबोन्यो नैरोबीहून आला. माझा मोठा आणि एकुलता भाऊ. सोबत ओसेवे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कारण ओबोन्योला मला काही सांगायचं असलं की वडीलधारं माणूस पुढे करायची सवय आहे. दोघं भिंत बघून आले आणि आईच्या ओट्यावर बसले.

"गावात हसं होतंय," ओबोन्यो म्हणाला. "ओबोन्योच्या बहिणीच्या भिंतीवर फुली."

"मग फुली पुसून दे. हसं थांबेल."

"मी तुला बाजारात खोली घेऊन देतो. भाडं मी भरीन."

"भाड्याच्या खोलीतून माणसाला हलवतात. तिथे कुणी पुरत नाही."

"मरणाचं कशाला काढतेस सारखं?"

"तुम्हीच काढता. आत बांधलं तर तुझी पोरं मरतील, हे कुणी काढलं?"

त्याने तोंड फिरवलं. त्याचा मधला मुलगा तापाने गेला त्याला दोन वर्षंच झालीत, हे तोंडातून शब्द गेल्यावर मला आठवलं. ओसेवे काका खाकरले. "अदोयो, पोरी, तो वाईट नाही, घाबरलाय. घाबरलेल्या माणसाला टोचू नये."

मला ते कळतं. पण सगळ्यांच्या भीतीची किंमत मीच का द्यायची? म्हणून मी तेही बोलले जे बोलायचं नसतं. "तुझी बायको माझ्या गुरांवर आली, ओबोन्यो. माझ्या लग्नात नवऱ्याकडून आलेली गुरं बाबांनी तुझ्या सासऱ्याच्या दारी हाकली. ती गुरं आत बांधलेली चालली. मी तेवढी चालत नाही."

तो न जेवता निघून गेला. आईने त्याच्यासाठी टिलापिया मासा तळला होता. तो मी खाल्ला, आणि चांगला लागला.

९ फेब्रुवारी

आता मी एकटी नाही. रस्त्यावरच्या सगळ्या घरांना नोटिसा आल्यात: कुंपणं रस्त्याच्या जमिनीत आलीत, मागे घ्या.

मुतुआचं म्हणणं खोटं नाही, हे फक्त इथे लिहिते. शेर जुना झाला की त्याच्या काड्या तोडून नवी रांग लावायची, आणि ती सगळे बाहेरच्या बाजूने लावतात. दर पिढीला कुंपण दोन-चार हात रस्त्याकडे चालत जातं. आजोबांचं गेलं, बाबांचं गेलं, ओसेवे काकांचं तर धावत गेलंय. आमच्याकडे कुंपण बाहेर सरकतं. आत सरकलेलं कुणी पाहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

चिंचेखाली सभा झाली. पुरुष तासभर नुसतं "बघू, करू" करत होते. शेवटी मी उठले. बायकांनी सभेत उठू नये, आणि परत आलेल्या मुलीने तर नाहीच. म्हणूनच उठले.

म्हटलं, "आज कुंपण मागे घ्या म्हणतात, उद्या चूल मागे घ्या म्हणतील. माझी भिंत पहिली आहे, शेवटची नाही. मी माझ्या आईच्या शपथेवर सांगते, आमच्या कुंपणाची एक काडी हलणार नाही. तुमची हलते का ते तुम्ही सांगा."

टाळ्या पडल्या. ज्यांनी चार वर्षं माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही त्यांनीही वाजवल्या. ओसेवे काका म्हणाले, "हिच्या जिभेला धार आहे, हे हिच्या नवऱ्याने आधी ओळखायला हवं होतं."

घरी येताना आईने विचारलं, "माझी शपथ मला न विचारता घेतलीस?" मी म्हटलं, जोरात आले होते, तोंडातून गेलं. ती पुढे चालायला लागली.

२३ फेब्रुवारी

मुतुआ नोटिसांची पाहणी करायला आला. कुणी त्याला पाणीही विचारलं नाही, मीच तसं ठरवून दिलंय. आणि आमच्या मातोश्रींनी त्याला बोलावून ओट्यावर बसवलं, मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी वाढली. दोघांचं चाललं होतं काहीतरी. तिला स्वाहिली तोडकीमोडकी येते, त्याला लुओ नाही, तरी हातवारे करून पपईकडे बोटं दाखवत होते. शत्रूला जेवू घालायचं आणि वर पपईही द्यायची. मी आत जाऊन मशीन जोरात चालवत बसले.

३ मार्च

भिंत पाडली.

मी तिच्यावर बसून होते. मुतुआ म्हणाला, "ताई, खाली या, लागेल." मी म्हटलं, लागू दे, तुझ्या कागदात लिही, बाईसकट पाडली. त्याचे गडी घण घेऊन उभे राहिले. उन्हात बराच वेळ गेला. शेवटी आई आली, माझ्या हाताला धरलं आणि म्हणाली, "उतर. विटा फुटतील." तू फुटशील असं म्हणाली नाही, विटा म्हणाली.

मी उतरले. भिंत गेली चुलीत. मी उतरले हेच मला सहन होत नाही.

४ मार्च

पहाटेपासून आई धडधाकट विटा निवडून आत नेतेय. कुठे, तर घेवड्याच्या वाफ्यात. वेलांवर विटा रचल्या. मी विचारलं, "घेवडा मोडलास ना?" म्हणते, "यंदा घेवडा नको." वर्षभर याच घेवड्यावर जेवतो आम्ही. म्हातारपण दुसरं काय असतं.

१२ मार्च

हे रागातच लिहितेय.

सकाळी बाजारात कापड आणायला गेले होते. परत येते तर आईने कुंपण तोडायला घेतलेलं. कोयत्याने सपासप, आणि शेराचा चीक अंगावर. डोळ्यांना फडकं बांधलं होतं तिने, एक डोळा तेवढा उघडा. तोडलेल्या काड्या ओढत आत नेऊन नव्या रांगेत लावतेय. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. मी सभेत जिची शपथ घेतली ती हीच बाई.

"आई, काय करतेस हे?"

"पाऊस येतोय. शेर आत्ता लावला तर धरतो."

"त्यांना शरण गेलीस?"

"काडी धर."

"मी धरणार नाही. गावासमोर माझं नाक कापलंस तू. ते मागतात तेवढंही नाही, त्याहून किती मागे लावतेयस, बघ तरी. पपईसुद्धा बाहेर गेली. एवढी घाबरलीस त्या पोराला?"

तिने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. "काडी धरणार नसलीस तर वाटेतून बाजूला हो."

बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत तिची रांग पुरी झाली. ओसेवे काका बघायला आले. त्यांना राग यायला हवा होता, पण कुठला नियम मोडला ते त्यांना सापडेना. "वहिनी, कुंपण आत घेऊ नये असं वाडवडील कधी बोलले नाहीत," ते म्हणाले, "पण घेतलंही नाही कुणी."

"मग झालं तर, भाऊजी," आई म्हणाली. "बोलले असते तर ऐकलं असतं."

१९ मार्च

आईशी बोलत नाही. जेवण करून ठेवते, ती जेवते. काल तिचा डोळा सुजून बंद झाला होता. दूध घालून धुतला मी, पण बोलले नाही. चिंचेखाली आता माझ्याकडे बघून कुणी टाळ्या वाजवत नाही. एकीने विचारलं, "तुमच्याकडची काडी हलली वाटतं?" मी ऐकलं नाही असं दाखवून पुढे गेले. असं मी पहिल्यांदाच केलं.

२९ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आईने ओबोन्योला निरोप धाडून बोलावलं होतं, आणि मुतुआलाही. मला दोन्हीची खबर नव्हती. ओबोन्यो तावातावानेच आला. बाबांचं कुंपण मागे गेल्याचं त्याला नैरोबीत कळलं होतं.

मुतुआने रस्त्याच्या मध्यापासून फीत धरली आणि मोजत मोजत आत आला. रस्त्याची जमीन संपली तिथे एक खुंटी. सहा मीटर पुढे, पपईच्या अलीकडे, दुसरी खुंटी. मग मान वर करून नव्या कुंपणाकडे बघितलं. ते अजून बरंच मागे होतं, आणि मध्ये पपई आणि माझ्या विटांची रास उभी होती.

"आजी, एवढं मागे घ्यायला मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"तेच मी म्हणतोय," ओबोन्यो म्हणाला. "आई, तुला मोजता येत नाही का?"

"येत नाही असं तुम्ही दोघं भावंडं बरेच दिवस म्हणताय," आई म्हणाली. ती विटांवर बसली होती. "ओबोन्यो, मी बसलेय ती जागा कुंपणाच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"नीट बघून सांग. पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्याने खरंच बघितलं. "बाहेर आहे."

"साहेब, तुम्ही सांगा. तुमच्या रेषेच्या पुढे की मागे?"

मी मुतुआला तिचं बोलणं स्वाहिलीत सांगितलं. "मागे," तो म्हणाला. "इथे बांधता येईल. पुढे दुकान, मागे घर."

"मग माझ्या मुलीने इथे घर बांधलं तर कोण मरतं आणि कोण फुली मारतं?"

ओबोन्योने टोपी काढली, पुन्हा घातली. तो भांडायला आला होता आणि भांडण कुठे ठेवावं त्याला कळेना. पण त्याचे खांदे खाली आले, ते मी बघितलं. त्याला नाही म्हणायला कारण उरलं नाही याचं दुःख झालेलं दिसलं नाही.

मी काय करावं? मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. सतरा दिवस तिच्याशी बोलले नाही मी. ज्यासाठी मी गावभर ओरडले ते तिने चार वाफे मोडून आणि एक डोळा सुजवून करून टाकलं, आणि मला साधं सांगितलंही नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू सभेत बोलली असतीस," आई म्हणाली.

३० मार्च

ओबोन्यो आज परत गेला. जाताना माझा परवानगीचा अर्ज घेऊन आलेल्या मुतुआला त्याने विचारलं, यावर घरच्या पुरुषाची सही लागते का. मुतुआ लागत नाही म्हणाला. तरी ओबोन्यो तिथून हलेना. मी म्हटलं, "साक्षीदाराची लागते." मग त्याने सही केली.

१८ मे

भिंती उभ्या राहिल्या. गवंडी तोच. मी त्याला पहिले दोन थर चढवू दिले नाहीत, स्वतः चढवले. तो म्हणाला, वाकडे आलेत, बाई. मी म्हटलं, त्यांना सवय आहे.

चिंचेखालच्या मंडळींनी अजून कुंपणं हलवलेली नाहीत, आणि मी आजही त्यांच्याच बाजूने बोलते. नगरपालिकेने आधी नळ आणावा, मग मीटर मागावेत. मुतुआलाही तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला तर परवानगी मिळाली." मी म्हटलं, परवानगी मिळाली, तोंड विकलेलं नाही.

७ जून

मी माझ्या घरात राहायला येऊन आठवडा झाला. पुढच्या खोलीत मशीन आहे, मागच्या खोलीत खाट. पत्र्यावर पाऊस पडला की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, तेही बरंच आहे.

नवा शेर सगळीकडे धरलाय, फक्त एका जागी नाही. माझ्या मागच्या दारासमोर एक माणूस जाईल एवढी फट राहिलीय. मला वाटलं, तिथली काडी मेली. परवा मी तिथे नवी काडी लावली, तर सकाळी उपटून टाकलेली. कोंबड्यांचं काम समजून दुसरी लावली. तीही गेली. तिसऱ्या वेळी पाहिलं तर कोंबडीने आईचा झगा घातला होता, मग लावायचं सोडून दिलं.

आज ओबोन्यो आला होता. आईच्या अंगणातून त्याला ती फट दिसली.

"आई, हे बुजव. कुंपणाला दुसरं दार नसतं."

"दार कुठे आहे? फट आहे."

"गुरं शिरतील."

"गुरं नाही येत. अदोयो येते. सकाळी चहा आणते माझा."

"म्हणजे ती आत झाली की बाहेर?"

मी माझ्या मागच्या दारात उभी राहून ऐकत होते. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "नियम घराचा आहे," ती म्हणाली. "घर तिचं बाहेर आहे, जा, मोजून ये. पोरीला नियम नाही. पोर माझी आहे."

ओबोन्यो त्या फटीपाशी गेला. मग काय वाटलं त्याला, अंग चोरून त्याच फटीतून माझ्याकडे यायला निघाला. एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा राहून म्हणाला, "चहा आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "पण तू पाहुणा आहेस. पुढच्या दाराने ये."

मी दारातून हलले नाही. मग त्याने पाय मागे घेतला आणि खरंच वळसा घालून आला: आईच्या अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून त्या सहा मोकळ्या मीटरांच्या चिखलातून, बूट हातात घेऊन. दार वाजवलं. मी दूध चुलीवर ठेवलं, साखर काढली, खुर्ची पुसली. त्याने दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा दार उघडलं.